'ह्यूमन' कुठून आला? माणसाविषयीच्या इंग्रजी शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करताना ज्या शब्दांपाशी मी सर्वांत जास्त वेळा थांबते, ते शास्त्रातले अवघड शब्द नाहीत. 'मॅन', 'पर्सन', 'ह्युमॅनिटी' हे रोजचे शब्दच मला थांबवतात. मॅन म्हणजे माणूस की पुरुष? ह्युमॅनिटी म्हणजे मानवजात की माणुसकी? या शब्दांची कुळं शोधताना लक्षात आलं की त्यातल्या कित्येकांची किल्ली मराठीतच पडलेली आहे. मित्रमंडळी आणि विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते उत्तरांसह इथे मांडते आहे.

'ह्यूमन' या शब्दाचं मूळ काय?

माती. लॅटिनमधला 'हुमानुस' फ्रेंचमार्गे मध्ययुगाच्या अखेरीस इंग्रजीत आला. तो लॅटिन 'होमो' म्हणजे माणूस या शब्दाच्या कुळातला, आणि या कुळाचा धागा 'हुमुस' म्हणजे माती या शब्दाशी जुळतो. शेतीच्या पुस्तकात कुजलेल्या पालापाचोळ्याच्या सुपीक थराला 'ह्यूमस' म्हणतात, तो हाच. देव आकाशातले आणि आपण जमिनीवरचे, अशी ती जुनी विभागणी.

युरोपातल्या आणि आपल्याकडच्या अनेक भाषा ज्या एका आदिभाषेतून फुटल्या, तिच्यातल्या जमीन या अर्थाच्या शब्दाची ही वंशावळ आहे. संस्कृतात त्याचं रूप 'क्ष्मा', ग्रीकमध्ये 'ख्थोन', रशियनमध्ये 'झेम्ल्या'. लिथुआनियन भाषेत तर जमीन 'झेमे' आणि माणूस 'झ्मोगुस', नातं अगदी उघड्यावर. आणि फारसीत? 'जमीन'. म्हणजे आपण मराठीत सहज बोलतो तो 'जमीन' आणि इंग्रजीतला 'ह्यूमन' हे लांबचे भाऊ आहेत. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी तीन वेगवेगळ्या कोशांत खात्री करून घेतली होती.

इंग्रजीचा स्वतःचा, लॅटिनकडून न घेतलेला शब्दही याच मातीतला होता. प्राचीन इंग्रजीत पुरुषाला 'गुमा' म्हणत आणि नवरदेवाला 'ब्रिडगुमा', म्हणजे नवरीचा माणूस. पुढे गुमा विस्मरणात गेला. 'गुमा' म्हणजे काय हेच कुणाला कळेना, तेव्हा सोळाव्या शतकात लोकांनी त्याजागी ओळखीचा 'ग्रूम' बसवला. ग्रूम म्हणजे पोरगा, चाकर. घोड्यांची निगा राखणाराही ग्रूमच. आजचा 'ब्राइडग्रूम' असा घडला.

बायबलमधला आदमही मातीचाच ना? मग हे सगळं एकच मूळ का?

कल्पना एकच, मूळ वेगळं. हिब्रूमध्ये 'आदाम' म्हणजे माणूस आणि 'अदामा' म्हणजे जमीन. पण हिब्रू हे सेमिटिक कुळ, लॅटिनशी त्याचं रक्ताचं नातं नाही. दोन कुळांनी स्वतंत्रपणे माणसाला मातीशी जोडलं. आपल्याकडे 'आदमी' आला तो याच आदमवरून, अरबी आणि फारसीच्या वाटेने. त्यामुळे 'आदमी' आणि 'जमीन' हे दोन्ही शब्द वापरणाऱ्या माणसाच्या तोंडी दोन्ही परंपरा एकाच वेळी असतात.

'ह्यूमन'मध्ये 'मॅन' दडलेला आहे का?

नाही. 'ह्यू' म्हणजे रंग, म्हणून ह्यूमन म्हणजे रंगीत माणूस, असा एक संदेश फिरत असतो. तोही खरा नाही. शब्दाची फोड हू-मन अशी नसून शेवटचा 'आनुस' हा लॅटिन प्रत्यय आहे. 'फीमेल'मध्ये मात्र वेगळी गंमत झाली. तो फ्रेंच 'फेमेल'वरून आला. त्याचा 'मेल'शी मुळात संबंध नव्हता, पण जोडीने वापरता वापरता लोकांनी त्याचं स्पेलिंग मेलसारखं करून टाकलं. 'मॅन्युअल' आणि 'मॅन्युफॅक्चर' यांतला मॅन म्हणजे लॅटिन 'मानुस', अर्थ हात.

मग 'मॅन' आणि आपला 'मनू', 'मानव', 'माणूस' यांचं नातं आहे का?

हे नातं पक्कं आहे. प्राचीन इंग्रजीतला 'मन्न' आणि संस्कृतातला 'मनु' एकाच मुळाचे. मानुषावरून आपला माणूस झाला, तेव्हा तोही त्याच घरातला.

आता पुढचा प्रश्न हमखास येतो: मन आणि मॅन एक का? इथे जपून बोलावं लागतं. मनू शब्द विचार करणे या अर्थाच्या 'मन्' धातूवरून आला असं परंपरा मानते. यास्कांच्या 'निरुक्त' या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात 'मनुष्य' शब्दाची उकल 'विचार करून कर्मं शिवतात (सुई-दोऱ्याने शिवावीत तशी) ते' अशी आहे, आणि मला ती फार सुंदर वाटते. पण भाषाशास्त्रज्ञांत यावर एकमत नाही. इंग्रजी 'माइंड' आणि आपलं 'मन' यांचं नातं वादातीत आहे, मॅन आणि मन यांचं नाही. सुंदर असणं हा व्युत्पत्तीचा पुरावा होत नाही.

'वुमन' म्हणजे 'गर्भ असलेला मॅन' हे खरं का?

नाही, आणि 'पुरुषापासून बनलेली' हेही नाही. खरं उत्तर मराठी माणसाला एका शब्दात कळतं: बाईमाणूस.

प्राचीन इंग्रजीत 'मन्न' म्हणजे कुणीही माणूस, स्त्री किंवा पुरुष. स्त्रीसाठी शब्द होता 'वीफ'. दोन्ही जोडून 'वीफमन्न', बाई-माणूस. पुरुषासाठीही असाच जोडशब्द होता, 'वेपमन', हत्यारवाला माणूस. जसं आपलं बाईमाणूस आणि गडीमाणूस, तशीच ती जोडी. पुढच्या काही शतकांत वेपमन लोपला, आणि माणूस या अर्थाचा 'मॅन' हळूहळू पुरुषाकडे सरकत गेला. वीफमन्नचा 'विमन', 'वुमन' झाला. 'मॅन' पुरुषाचा झाल्यावर उरलेला 'वुमन' त्याच्यातूनच निघाल्यासारखा दिसू लागला. हा भास आहे. शब्द घडला तेव्हा तसं काही नव्हतं.

याचे दोन पुरावे आजच्या इंग्रजीत ऐकू येतात. अनेकवचनाचा उच्चार आपण 'विमिन' करतो, त्यात जुन्या वीफचा 'वि' शाबूत आहे. आणि 'मिडवाइफ', सुईण. तिथल्या 'वाइफ'चा, म्हणजे त्याच जुन्या वीफचा, अर्थ बायको नाही, बाई आहे, आणि 'मिड' म्हणजे सोबत. बाळंतिणीच्या सोबत असणारी बाई.

मराठीत 'ती फार चांगली माणूस आहे' हे वाक्य कुणाला खटकत नाही. इंग्रजी 'मॅन'ला ही ऐसपैस जागा एके काळी होती. ती त्याने गमावली.

पुरुषासाठी मग जुना शब्द कोणता होता?

'वेर'. लॅटिन 'विर' आणि संस्कृत 'वीर' त्याचे सख्खे. आपला लग्नातला 'वर' मात्र यात ओढू नका. तो निवडणे या अर्थाच्या 'वृ' धातूचा.

वेर स्वतः नाहीसा झाला, पण दोन ठिकाणी उरला. एक 'वेअरवुल्फ', लांडगा होणारा माणूस. दुसरं ठिकाण कुणाच्या लक्षातही येत नाही: 'वर्ल्ड'. प्राचीन इंग्रजीतला 'वेओरोल्ड' म्हणजे वेर आणि 'आल्ड', माणूस आणि काळ. जग या शब्दाचा मूळ अर्थ माणसाचं युग. जागेचा शब्द वाटतो तो मुळात काळाचा होता. लॅटिन विरवरून 'व्हर्च्यू' आला, आधी मर्दपणा आणि मग सद्गुण, आपल्या पुरुषार्थासारखाच.

'मॅनकाइंड' म्हटल्यावर सगळे येतात, मग तक्रार कशाला?

तक्रारीला इतिहास आहे. 'मॅन' लिहिलं की त्यात सगळे धरायचे, असं सांगितलं जायचं. पण हक्क वाटायची वेळ आली की तोच शब्द आखूड व्हायचा.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात १९४७-४८ साली जाहीरनाम्याचा मसुदा बनत होता. पहिल्या कलमासाठी 'ऑल मेन' असा शब्दप्रयोग पुढे होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी तो अडवला. हे शब्द काही देशांत फक्त पुरुषांपुरते वाचले जातील, असं त्यांचं म्हणणं होतं. १० डिसेंबर १९४८ रोजी मंजूर झालेल्या जाहीरनाम्यात 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आहे. तो बदल त्यांच्या नावावर जमा आहे. एका शब्दाची दुरुस्ती, पण तिच्यामुळे त्या कलमातून पळवाट काढायला जागा राहिली नाही.

मॅनच्या दुहेरी अर्थाचा सर्वांत प्रसिद्ध बळी म्हणजे नील आर्मस्ट्राँग यांचं १९६९ सालचं चंद्रावरचं वाक्य. माणसाचं लहानसं पाऊल आणि मानवजातीची मोठी झेप, असं त्यांना म्हणायचं होतं. पण 'मॅन'च्या आधीचा एकाक्षरी 'अ' ध्वनिमुद्रणात ऐकू येत नाही. आपण तो उच्चारणार होतो, असं त्यांनी सांगितलं. तो 'अ' नसेल तर इंग्रजीत 'मॅन' म्हणजेच मानवजात, आणि वाक्याचे दोन्ही अर्धे एकमेकांना काटतात. मराठी भाषांतरात ही अडचण उरतच नाही.

'होमो सेपियन्स'मधला होमो आणि 'होमोसेक्शुअल'मधला होमो एकच का?

नाही. पहिला लॅटिन, अर्थ माणूस. निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७५८ साली सजीवांच्या वर्गीकरणावरच्या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत हे नाव दिलं, 'शहाणा माणूस'. दुसरा ग्रीक 'होमोस', अर्थ सारखा, एकच. तो संस्कृत 'सम' आणि इंग्रजी 'सेम'चा भाऊ. म्हणून 'समलैंगिक' हा मराठी शब्द अर्थाने तर बरोबर आहेच, मुळानेही जुळतो.

एक गोष्ट इथेच सांगते. लॅटिन 'होमो' म्हणजे माणूस, पुरुष नव्हे. पुरुष म्हणजे 'विर'. होमोपासून झालेल्या फ्रेंच 'ओम'ने मात्र पुढे मॅनसारखीच वाट धरली आणि तोही पुरुषवाचक झाला.

'ह्यूमन' आणि 'ह्यूमेन' यांत फरक काय?

आज पहिला म्हणजे मानवी आणि दुसरा म्हणजे सहृदय. पूर्वी हे दोन शब्द नव्हतेच, एकाच शब्दाची दोन स्पेलिंगं होती. अठराव्या शतकात अर्थांची वाटणी झाली. 'अर्बन' म्हणजे शहरी आणि 'अर्बेन' म्हणजे सुसंस्कृत, ही जोडीही अशीच फुटलेली. शेवटी आघात आला की शब्द स्वभावाकडे वळतो.

लंडनमध्ये १७७४ साली स्थापन झालेली आणि पुढे रॉयल ह्यूमेन सोसायटी म्हणून ओळखली गेलेली संस्था पाण्यात बुडालेल्या माणसांना वाचवण्यासाठी होती. आता 'ह्यूमेन' बहुतेक वेळा प्राण्यांना कसं वागवावं या संदर्भात भेटतो. माणसावरून आलेला शब्द माणसाने इतर जिवांशी कसं वागावं हे सांगू लागला, हा त्याचा प्रवास मला आवडतो.

'ह्युमॅनिटी'चं मराठी काय करावं? मानवजात की माणुसकी?

माझ्या मते हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण इथे चूक झाली तर अर्थ फार मोठा बदलतो.

शब्दाचे दोन अर्थ लॅटिनपासूनच आहेत. रोमन वक्ता सिसेरो याच्या 'हुमानितास'मध्ये सुसंस्कृतपणाही होता आणि सौजन्यही. दुसऱ्या शतकात औलुस गेलियुस या लेखकाने तर तक्रारच केली, की लोक हा शब्द सगळ्यांविषयीचा जिव्हाळा या अर्थाने वापरतात, पण जुन्या चांगल्या लेखकांच्या लेखी त्याचा अर्थ शिक्षण आणि विद्याभ्यास असा होता. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वीही भांडण चालूच होतं. विद्यापीठातल्या 'ह्युमॅनिटीज', आपल्या मानव्यविद्या, हे गेलियुसच्या बाजूचं वारस आहे.

आता 'क्राइम्स अगेन्स्ट ह्युमॅनिटी' हा शब्दप्रयोग घ्या. मे १९१५ मध्ये आर्मेनियन लोकांच्या कत्तलीवरून फ्रान्स, ब्रिटन आणि रशिया यांनी ऑटोमन सरकारला संयुक्त इशारा दिला, त्यात तो आला. रशियाच्या मसुद्यात त्याजागी ख्रिस्ती धर्माविरुद्धचे गुन्हे असं होतं. ते बदलून 'ह्युमॅनिटी' घातलं गेलं, आणि एका धर्माच्या जागी सगळी माणसं आली. नाझी नेत्यांवरच्या खटल्यासाठी केलेल्या १९४५ च्या न्युरेंबर्ग सनदेत हा शब्दप्रयोग कायद्याचा झाला.

जर्मनमध्ये या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द आहेत: 'मेन्शहाइट' म्हणजे मानवजात आणि 'मेन्शलिशकाइट' म्हणजे माणुसकी. जर्मन कायद्याने दुसरा निवडला. यावर राजकीय विचारवंत हाना आरेंट यांनी कडक टीका केली. नाझींनी केलं ते जणू माणुसकी कमी पडल्यामुळे घडलं असं त्या शब्दातून ध्वनित होतं, हा त्यांचा आक्षेप. गुन्हा साऱ्या मानवजातीविरुद्ध होता.

मराठीत 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' रूढ आहे. 'मानवता' शब्दातही दोन्ही अर्थ आहेत, पण बोलताना आपला कल दयेकडे असतो. म्हणून कायद्याच्या मजकुरात मी 'मानवजातीविरुद्धचे गुन्हे' लिहिते, आणि शेजाऱ्याने रात्री दवाखान्यात नेलं असेल तिथे माणुसकी.

ह्यूमॅनिस्ट, ह्यूमॅनिटेरियन, फिलँथ्रोपिस्ट: तिघे एकच का?

तिघे वेगळे. पंधराव्या शतकातल्या इटलीत 'उमानिस्ता' म्हणजे व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र शिकवणारा. 'ह्यूमॅनिझम' हा वाद म्हणून शब्द त्यामानाने नवा. जर्मन शिक्षणतज्ज्ञ नीटहामर यांनी १८०८ साली अभिजात शिक्षणाच्या बाजूने तो वापरला. देवाऐवजी माणूस केंद्रस्थानी, हा अर्थ नंतर चढला.

'ह्यूमॅनिटेरियन' इंग्रजीत पहिल्यांदा आला, तेव्हा त्याचा मदतीशी संबंध नव्हता. येशू हा देव नसून केवळ माणूस होता असं मानणारा, हा त्याचा अर्थ. आज बातम्यांत 'ह्यूमॅनिटेरियन डिझास्टर' वाचायला मिळतं. शब्दाचा आजचा अर्थ लोककल्याणकारी असल्यामुळे मला ते विचित्रच वाटतं. 'मानवतावादी आपत्ती' हे त्याचं शब्दशः मराठी तर मुळीच करू नये. 'माणसांवर कोसळलेलं संकट' पुरेसं आहे.

'फिलँथ्रोपी' ग्रीक: 'फिलोस' म्हणजे प्रिय, 'आंथ्रोपोस' म्हणजे माणूस. जुन्या ग्रीक नाटकात हे विशेषण माणसांना अग्नी देणाऱ्या प्रोमिथियसला लावलेलं आहे. तेव्हा त्यात चेकबुक नव्हतं.

'पर्सन' म्हणजे मुखवटा, हे खरं?

हो. लॅटिन 'पेर्सोना' म्हणजे नटाचा मुखवटा, मग नाटकातलं पात्र, मग समाजातली भूमिका, मग कायद्यापुढचा पक्षकार, आणि शेवटी माणूस. मुखवट्यातून आवाज घुमतो म्हणून 'पेर-सोनारे' ही उकल प्राचीन काळापासून सांगतात, पण 'सोनारे'मधला ओ ऱ्हस्व आणि 'पेर्सोना'मधला दीर्घ, त्यामुळे ती नीट बसत नाही. अनेक अभ्यासक एट्रुस्कन, म्हणजे प्राचीन इटलीतल्या एका लॅटिनेतर भाषेकडे बोट दाखवतात. इटलीत तार्क्विनियाच्या एका थडग्यात, सुमारे इ. स. पू. सहाव्या शतकातल्या भित्तिचित्रात, मुखवटा घातलेल्या आकृतीशेजारी 'फेर्सु' असं लिहिलेलं आहे.

मराठी 'व्यक्ती' उलट्या दिशेने येते. मुखवटा झाकतो आणि व्यक्त होणं म्हणजे उघड होणं. तरी एक साम्य आहेच: लॅटिन पेर्सोना स्त्रीलिंगी आणि मराठी व्यक्तीही स्त्रीलिंगी. पुरुषाविषयी बोलतानाही आपण 'ती व्यक्ती' म्हणतो.

कायद्यातला पर्सन मात्र आजही मुखवट्याच्या जवळ आहे, कारण तो कुणालाही चढवता येतो आणि नाकारताही येतो. कंपनी कायद्याने पर्सन असते. न्यूझीलंडमध्ये २०१७ साली व्हांगानुई नदीला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा मिळाला. आणि कॅनडात १९२८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं, की सिनेटवर नेमणुकीसाठी कायद्यात म्हटलेल्या पात्र 'पर्सन्स'मध्ये स्त्रिया येत नाहीत. आल्बर्टा प्रांतातल्या पाच जणींनी लढा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत नेला, आणि १८ ऑक्टोबर १९२९ रोजी निकाल फिरला. 'पर्सन' या शब्दात स्त्री बसते, हे सिद्ध करायला वरिष्ठ न्यायालयात जावं लागलं होतं.

'पर्सन'चं अनेकवचन 'पीपल' कसं?

मुळात दोन वेगळे शब्द. पीपल लॅटिन 'पोपुलुस'चा, अर्थ जनता. रोजच्या बोलण्यात तो पर्सनचं अनेकवचन झाला. 'पर्सन्स' कायद्याच्या कागदांत उरला, आणि 'पीपल्स' म्हणजे अनेक जनसमूह.

'इंडिव्हिज्युअल'चा माणसाशी काय संबंध?

मुळात काहीच नाही. ज्याचे तुकडे होत नाहीत ते, इतकाच अर्थ. ग्रीक 'आटोमोस'चं ते लॅटिन भाषांतर आहे, म्हणजे 'ॲटम' आणि 'इंडिव्हिज्युअल' यांचा शब्दार्थ एकच. एकटा माणूस हा अर्थ सतराव्या शतकात रुळला. भौतिकशास्त्राने अणू फोडला, तरी नाव तेच राहिलं.

'काइंड' म्हणजे प्रकार आणि 'काइंड' म्हणजे दयाळू, दोन्ही कसे?

कुळामुळे. 'किन' म्हणजे नातलग, 'काइंड' म्हणजे जात, कुळ. आपल्या माणसाशी जसं वागतो तसं वागणारा तो काइंड. आपला 'जन' आणि 'जन्म' याच मुळाचे. लॅटिन शाखेत 'जेन्स' म्हणजे कुळ, त्यावरून 'जेंटल', आधी कुलीन आणि मग सौम्य. 'मॅनकाइंड'मधला काइंड जातीच्या अर्थाचा.

'हम्बल' आणि 'ह्यूमर'ही ह्यूमनचेच का?

हम्बल हो: 'हुमिलिस', जमिनीलगतचा, नम्र. ह्यूमर नाही: तो 'उमोर' म्हणजे ओलावा, शरीरातला रस. 'पोस्थ्युमस' म्हणजे मरणोत्तर, हाही नाही. मूळ 'पोस्तुमुस' म्हणजे सर्वांत शेवटचा. मातीत पुरण्याशी नातं असावं अशा समजुतीने लोकांनी मधे 'ह' घुसवला.

'यू गाईज' म्हटलं तर त्यात मुली येतात का?

आज बहुतेक ठिकाणी येतात, जरी काही जणींना ते आवडत नाही. हा शब्द मॅनच्या उलट दिशेने चालला आहे. १६०५ साली ब्रिटिश संसद उडवण्याच्या कटात गाय फॉक्स पकडला गेला. दर पाच नोव्हेंबरला त्याचा पुतळा जाळायची प्रथा पडली, आणि त्या पुतळ्याला 'गाय' म्हणू लागले. पुतळा जुन्यापुराण्या कपड्यांचा, म्हणून एकोणिसाव्या शतकात गबाळ्या, विचित्र कपड्यांतला माणूसही 'गाय' झाला. अमेरिकेत त्यातली टिंगल गळून गेली आणि उरला नुसता 'माणूस', तोही पुरुष. मग अनेकवचनात बायकाही आल्या. एका माणसाच्या नावापासून निघालेला हा शब्द आता समोर बसलेल्या सगळ्यांना हाक मारायला वापरतात.